वाचकांचे प्रश्न : ‘वेर्डन’ची तीन कामं

प्रश्न : मुलगी जर्मनच्या ए-२ परीक्षेची तयारी करते आहे. ‘वेर्डन’ म्हणजे ‘होणे’ असं तिने पाठ केलं, पण पुस्तकात ते कधी भविष्यकाळात दिसतं, कधी कर्मणीत. कुठे काय, हे ओळखायचं कसं? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तिला वाक्याच्या शेवटाकडे बघायला सांगा. ‘एर विर्ट आर्त्स्ट’ (‘विर्ट’ हे ‘वेर्डन’चंच ‘तो’सोबतचं रूप) : शेवटी नाम आहे, म्हणजे तो डॉक्टर होतो आहे. नामाऐवजी विशेषण असलं तरी अर्थ ‘होणे’ हाच. ‘एर विर्ट कॉमन’ : शेवटी मूळ क्रियापद, म्हणजे तो येईल. ‘डास हाउस विर्ट गेबाउट’ : शेवटी भूतकाळवाचक धातुसाधित, म्हणजे घर बांधलं जातंय. दोन्ही एकत्र आले, ‘डास हाउस विर्ट गेबाउट वेर्डन’, तर घर बांधलं जाईल. गौण वाक्यात मात्र ‘विर्ट’ स्वतःच शेवटी जातं, तेव्हा त्याच्या आधीचा शब्द बघावा.

कर्मणीला घाबरायचं कारण नाही. आपण मराठीत ‘केलं जातं’ म्हणतो, म्हणजे ‘जाणे’ वापरतो. बडोद्यात रोज कानावर पडणारी गुजराती ‘करवामां आवे छे’ म्हणते, तिथे ‘येणे’ आहे. जर्मनने त्याच कामाला ‘होणे’ लावलं, इतकंच. मुलं अडखळतात ती ‘इस्ट’ (आहे) या शब्दापाशी. ‘डी ट्यूर विर्ट गेश्लॉसन’ म्हणजे दार बंद केलं जातंय, कुणीतरी आत्ता लावतंय. ‘डी ट्यूर इस्ट गेश्लॉसन’ म्हणजे दार बंद आहे, केव्हा लावलं ते नाही सांगत. या दोन वाक्यांची अदलाबदल झाली की गुण जातात, आणि परीक्षेबाहेर गैरसमजही होतो.

भविष्यकाळासाठी ‘वेर्डन’ सारखं वापरू नये. ‘मी उद्या येतो’ म्हणतो तसंच जर्मन माणूस ‘इश कॉम मॉर्गन’ म्हणतो, साध्या वर्तमानकाळात. उलट ‘एर विर्ट वोल त्सू हाउझ झाइन’ म्हणजे ‘तो घरी असेल’ : भविष्य नव्हे, अंदाज. आपलं ‘असेल’ही नेमकं हेच काम करतं, म्हणून मराठी मुलांना हे लवकर उमगायला हवं.

आणखी एक सापळा इंग्रजीमुळे लागतो. ‘बिकम’सारखा दिसतो म्हणून मुलं ‘बेकॉमन’ उचलतात. त्याचा अर्थ ‘मिळणे’. डॉक्टर व्हायचंय म्हणताना ते वापरलं, तर डॉक्टर मिळायचाय असं होतं.

प्रश्न : ‘वेर्डन’च्या ‘गेवोर्डन’ आणि ‘वोर्डन’ या भूतकाळी रूपांत फरक काय?

उत्तर : ‘होणे’ असेल तर ‘गेवोर्डन’ : ‘एर इस्ट आर्त्स्ट गेवोर्डन’ (तो डॉक्टर झाला). कर्मणीत सहायक असेल तर ‘गे’ गळतो : ‘डास हाउस इस्ट गेबाउट वोर्डन’ (घर बांधलं गेलं). दोन्हीकडे सोबत ‘इस्ट’च येतं, इतर बऱ्याच क्रियापदांसोबत येणारं ‘हाट’ कधीच नाही. लिहिताना सर्वांत जास्त चूक इथेच होते.

प्रश्न : या क्रियापदाचं संस्कृतशी नातं आहे हे खरं का?

उत्तर : खरं आहे. जुन्या जर्मनमधला ‘वेर्डन’चा पूर्वज ‘वेर्डान’, संस्कृतचा ‘वृत्’ (वर्तते) आणि लॅटिनचा ‘व्हर्टेरे’ ही एकाच मुळाची भावंडं. मूळ अर्थ वळणे, फिरणे. वळता वळता दुसरं काही होणे, हा अर्थ जर्मनमध्ये स्थिरावला. आपल्याकडे त्याच धातूतून वर्तन, परिवर्तन, वर्तुळ निघाले. ‘वर्तमानकाळ’ही त्यातलाच, आणि जर्मन त्याच मुळापासून भविष्यकाळ बनवते. वळण्याचा जुना अर्थ जर्मनमध्ये अजून दिसतो तो ‘फोरवेर्ट्स’ (पुढे) आणि ‘र्‍यूकवेर्ट्स’ (मागे) यांच्या ‘वेर्ट्स’मध्ये : त्या दिशेला वळलेला.