लिंगाचा बाक पूर्वीपासूनचा की नवा? उपचार त्यावरच ठरतो

तुम्ही लिहिलंय की वय ४८, मधुमेह आहे, आणि गेल्या चार महिन्यांत ताठरता आली की लिंग वरच्या बाजूला वळतं, दुखतं, वरून चाचपलं की कडक काहीतरी हाताला लागतं. हस्तमैथुनामुळे झालं का, कॅन्सर तर नाही, आणि जाहिरातीतलं तेल लावू का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तिन्हींचं उत्तर नाही असंच आहे. पण कडक गाठ कसलीही असो, ती डॉक्टरांच्या हाताखालून गेलीच पाहिजे, त्यामुळे तपासणी टाळू नका.

मला स्वतःला हा त्रास होऊन गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या वर्णनावरून हा पेरोनीचा आजार वाटतो. फ्रान्सच्या पंधराव्या लुईचे शल्यचिकित्सक फ्रांस्वा पेरोनी यांनी १७४३ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा हे काही आजकालचं खूळ नाही. लिंगात रक्ताने भरणाऱ्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती एक चिवट, ताणलं जाणारं आवरण असतं. संबंधाच्या वेळी लिंग दुमडलं, दबलं की या आवरणाला बारीक इजा होते. बहुतेकांची ती आपोआप भरून येते. काहींच्या बाबतीत मात्र भरताना तिथे जाड व्रण धरतो. सायकलच्या ट्यूबला पॅच मारला की हवा भरताना तेवढी जागा ताणत नाही आणि ट्यूब त्या बाजूला वळते, तसंच इथे होतं. कित्येकांना अशी इजा झाल्याचं आठवतही नाही. मधुमेह, वाढतं वय आणि घरात कुणाला असणं यामुळे शक्यता वाढते. तळहात उघडून बघा: अनामिकेच्या खाली दोरीसारखा कडक पट्टा आहे का, बोट आत ओढलं जातंय का? असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तळहाताचा तो आजार आणि पेरोनी काहींना जोडीने होतात.

हे वाचणाऱ्या तरुण मुलांनी घाबरू नये. वयात आल्यापासूनच बाक असेल, गाठ नसेल, दुखत नसेल, तर तो जन्मजात असतो. थोडासा बाक तर कितीतरी पुरुषांना असतो आणि त्याला काहीच करावं लागत नाही. संबंधाला अडचण येण्याइतका असेल तरच शस्त्रक्रिया, आणि ती चांगली होते.

आता तुमच्याबद्दल. या आजाराचे दोन टप्पे असतात. पहिल्यात दुखतं आणि बाक बदलत राहतो. हा काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत चालतो. दुसऱ्यात दुखणं थांबतं आणि बाक आहे तिथे स्थिरावतो. तुम्ही पहिल्यात आहात. म्हणून कुणी आत्ताच ऑपरेशन करून टाकू म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बाक अजून बदलणार असताना केलेली शस्त्रक्रिया वाया जाऊ शकते.

युरोलॉजिस्टकडे (मूत्रमार्ग आणि लिंगाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे) जाण्याआधी घरी पूर्ण ताठरतेत वरून आणि बाजूने असे दोन फोटो काढून ठेवा. लाज वाटते, कळतं मला, पण तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा फार उपयोग होतो. डॉक्टर गरज पडली तर इंजेक्शनने ताठरता आणून कोनमापकाने बाक मोजतात आणि सोनोग्राफीत रक्तप्रवाह व गाठीत चुना साचलाय का ते बघतात.

दुखण्यासाठी साध्या वेदनाशामक गोळ्या मिळतात, पण मधुमेहात मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो, तेव्हा स्वतःच्या मनाने घेऊ नका. रोज ठरावीक वेळ लावायचं ताण देणारं उपकरण असतं. चिकाटी लागते, पण काहींना त्याने बाक आणि लांबी दोन्हींत फायदा होतो. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या गेल्या, उपयोग सिद्ध झाला नाही. शॉकवेव्हने (बाहेरून यंत्राने लहरींचे धक्के देण्याने) दुखणं कमी होऊ शकतं, बाक सरळ होत नाही. सरळ करून देतो म्हणून कुणी त्याचं मोठं पॅकेज गळ्यात मारत असेल तर पैसे वाचवा. तेलाचंही तेच, कारण व्रण कातडीखाली, आतल्या आवरणात असतो. आणि हाताने दाबून सरळ करायला जाऊ नका, नवी इजा होईल.

बाक स्थिरावल्यावर गाठीत इंजेक्शन देता येतात. त्यातलं कोलॅजिनेज, म्हणजे व्रणाचे तंतू तोडणारं औषध, अमेरिकेत २०१३ साली किमान ३० अंश बाकासाठी मंजूर झालं, पण ते सगळीकडे मिळत नाही. शस्त्रक्रियेत साधारणपणे लांब बाजूला टाके घेऊन ती आखूड करतात. लिंग सरळ होतं, लांबी थोडी कमी होते. बाक फारच मोठा असेल तर व्रणाला छेद देऊन तिथे ठिगळ लावतात, त्यात ताठरता आणि संवेदना कमी होण्याचा धोका जास्त. ताठरताच येत नसेल आणि गोळ्यांनीही भागत नसेल तर कृत्रिम रोपण. कशाने काय गमवावं लागू शकतं हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट विचारून घ्या. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर ताठरतेच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत.

साखर आटोक्यात आणा, सिगारेट असेल तर सोडा. पत्नीला आजच सांगा. आपण टाळाटाळ करतो आणि तिला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. तोवर लिंग दुमडेल अशी स्थिती टाळा. संबंधाच्या वेळी कट्कन आवाज येऊन ताठरता एकदम गेली आणि सूज आली, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.