वाचक विचारतात: स्वस्त प्रोसेसर की महागडा?

आंब्याची बिलं, टॅली आणि ईमेल एवढंच काम आहे. दुकानदार इंटेलचा वापरलेला चौथ्या पिढीचा आय७ प्रोसेसर स्वस्तात देतोय, नवा आय३ थोडा महाग पडतो. आय७ घेऊ का? – एक बागायतदार, देवगड

नका घेऊ. नावातल्या ७ला भुलू नका, पिढी बघा. आय७-४७७० हा चौथ्या पिढीचा, २०१३चा; आय३-१२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२चा. दोन्हींत ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ८ थ्रेडच (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, पण नव्याचा एकेक कोअर बराच वेगवान आहे आणि बिलिंगचं काम बहुतेक वेळ एखाद-दुसऱ्या कोअरवरच चालतं. शिवाय विंडोज ११च्या अधिकृत यादीत काही मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुन्याचा मदरबोर्ड गेला तर पुन्हा वापरलेलाच शोधत फिरावं लागेल.

आय३सोबत ८ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या घ्या. १६ची एकच नको, दोन असल्या की रॅमचा वेग वाढतो. ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी आणि ६०० व्हीएचा यूपीएस पुरे.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. टाइमलाइन अडखळते. आय५-१२४०० घेऊ की थेट आय९-१४९००के? – एक स्टुडिओचालक, मालवण

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि तीच अडखळणारी क्लिप चालवा. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर ३० टक्के दिसला तर प्रोसेसर निर्दोष आहे. फुटेज जुन्या हार्डडिस्कवरून एसएसडीवर आणा.

प्रोसेसरच भरलेला दिसला तर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तपासा. एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), १०-बिट, ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारे प्रकार) असेल तर ते उलगडायला फार जड. इंटेलच्या या दोन्ही (बाराव्या आणि चौदाव्या) पिढ्यांच्या प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्समध्ये त्यासाठी वेगळी यंत्रणा आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणून १२४०० घ्या, १२४००एफ नको. एफवाल्यात ते ग्राफिक्सच नसतं, आणि चार पैसे वाचवायला लोक नेमका तोच घेतात. सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (ही यंत्रणा वापरण्याची सोय) चालू आहे ना तेही पाहा. काही मोफत आवृत्त्यांत ही सोय अपुरी असते.

आय९मध्ये २४ कोअर आहेत, ८ मोठे आणि १६ छोटे. रोज तासन् तास थ्रीडी रेंडर किंवा एक्स्पोर्ट चालत असेल तर तो पैसे वसूल करतो. पण पूर्ण भारावर तो २५३ वॅटपर्यंत खातो, १२४०० मात्र ११७. एच६१० चिपसेटच्या स्वस्त मदरबोर्डावर आय९ बसवला की वीज पुरवणारे भाग तापतात, बोर्ड वॅट कमी करतो आणि किंमत आय९ची देऊन वेग हाती येत नाही. त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस, जो साधारण ३६० वॅटच देतो, लाइट जाताक्षणी बसतो. पावसाळ्यात मालवणात हे किती वेळा होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अशा भारी प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत होते. इंटेलने २०२४मध्ये त्यावर दुरुस्ती दिली, ती बायोसच्या (मदरबोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून येते. मशीन कामाला लावण्याआधीच ती टाका. एकदा बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही.

आमचं मत: आय५-१२४००, ३२ जीबी रॅम, आणि उरलेल्या पैशांत दुसरी एसएसडी.

आय५ ९८ अंशांवर जाऊन मंदावतो. भारी प्रोसेसर टाकू का? – एक वाचक, गुहागर

भारी प्रोसेसर आणखी तापेल. प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने फटी साफ करा. खाऱ्या हवेत धूळ ओलसर होऊन चिकटते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. पंखा काढून प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मध्यभागी वाटाण्याएवढी नवी लावा. इंटेलच्या पंख्याच्या चार खुंट्या तिरप्या जोडीने दाबा, नंतर बोर्डाच्या मागून चारही आरपार आल्यात का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी तापमान पुन्हा तिथेच जातं.