पीसीत आय-५ ९४००एफ प्रोसेसर, जुनं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे. फुल एचडी गेमिंगसाठी स्वस्तातलं कुठलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

८ जीबीचं आरएक्स ६६०० घ्या, पण आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसचं स्टिकर वाचा. माझ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलं होतं आणि प्रोसेसर-कार्डाला वीज देणाऱ्या १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १६ अँपियर, म्हणजे १९२ वॉट! कार्डालाच १३२ लागतात, प्रोसेसरला ६५. गेम ऐन रंगात आला की पीसी बंद पडायचा. शेवटी चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस घातला, तेव्हा थांबलं. तेवढे पैसे बाजूला ठेवाच.

तेवढं बजेट नसेल, तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०. ते ७० वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. ६५०० एक्सटी मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी नको. त्याला बोर्डाशी डेटा देवाणघेवाणीच्या चारच लेन (वाटा) आहेत आणि तुमचा बोर्ड जुन्या, कमी वेगाच्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, त्यात कार्डाची मेमरी ४ जीबी. अडखळणारच.

इंदूरातच असाल तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दोन-चार दुकानं फिरून भाव काढा. जुनं कार्ड घेणार असाल तर दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका. आणि हो, कार्ड आत मावायला हवं, म्हणून कॅबिनेटमधल्या जागेची लांबी टेपने मोजून न्या.