आईला (वय ६४) घेऊन यमुनोत्रीला जायचंय, चढ झेपेल का?

झेपेल, पण घाई नको. गाडी जानकीचट्टीपर्यंतच जाते. पुढे साधारण ५-६ किलोमीटर चढ. वाट बांधीव असली तरी पायऱ्या दम काढतात, आणि मंदिर ३,२०० मीटरच्या वर आहे. म्हणून आदली रात्र खालीच काढा, पहाटे निघा. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ घोडा किंवा डोली करा, भाव आधी ठरवून.

वर सूर्यकुंडाच्या कढत पाण्यात तांदळाची पुरचुंडी सोडून शिजवतात, तोच प्रसाद. आंघोळ मात्र शेजारच्या कोमट कुंडात!

दारं अक्षय्य तृतीयेला उघडतात, भाऊबीजेला मिटतात (यमुना यमाची बहीण ना). जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, तेव्हा टाळाच. चारधामची नोंदणी आधी करून ठेवा.