पाटीवरच्या पदवीची तक्रार आणि उपचाराची तक्रार एकत्र करू नका

ताई, तुमच्या आईंना तपासणारे विट्याचे 'हृदयरोगतज्ज्ञ' नुसते एमबीबीएस निघाले, वर कुठल्याशा परदेशी संस्थेची फेलोशिप, हे वाचलं आणि आमचं साताऱ्याचं प्रकरण आठवलं. वडिलांच्या वेळी पाटीवर 'मधुमेहतज्ज्ञ' होतं, बाकी कथा तीच.

नोंदणी क्रमांक, केसपेपर वगैरे तुम्ही जमवलं असेलच. मी वकील नाही, फक्त पोळलेला माणूस आहे, त्या हिशेबानं वाचा.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एक सरकारी कार्यालय. नाव घेत नाही. अर्जात सरळ लिहिलं होतं की यांच्याकडे मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी नाही, तरी तज्ज्ञ म्हणवतात. टपालाच्या टेबलावरच्या बाईंनी आवक रजिस्टरच्या विषयाच्या रकान्यात काय लिहावं? 'उपचारात हलगर्जीपणा'. मी बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाल्या, "साहेब वाचतील की अर्ज." साहेबांनी रकानाच वाचला असणार. समिती बसली, साखरेचे रिपोर्ट मागवले, आणि कित्येक महिन्यांनी पत्र आलं: उपचार योग्य, तक्रारीत तथ्य नाही. पदवीबद्दल चकार शब्द नाही! तोवर तिकडे पाटी रंगवून 'मधुमेह तपासणी केंद्र' झालं होतं. उन्हात बघितलं की नव्या रंगाखाली जुनं 'तज्ज्ञ' अजून वाचता यायचं. डॉक्टरांच्या जुन्या लेटरहेडवरच्या चिठ्ठ्या होत्या म्हणून आमचं निभावलं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: पदवीच्या अर्जात आईंच्या त्रासाची एक ओळही नको. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतलं कलम 7.20 सांगतं की त्या शाखेची विशेष अर्हता नसताना डॉक्टरनं तज्ज्ञ असल्याचा दावा करायचा नाही. ते सिद्ध करायला समिती कशाला हवी? एका हातात लेटरहेड, दुसऱ्या हातात कौन्सिलची नोंद. 2023 चे नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे माझ्या माहितीप्रमाणे जुनेच चालतात. अर्ज जिल्ह्यात फिरवत बसू नका, थेट मुंबईला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे स्पीड पोस्टनं पाठवा. डॉक्टर बीएएमएस किंवा होमिओपॅथ असते तर कौन्सिल वेगळी, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

उपचारानं खरंच नुकसान झालं असेल तर तो स्वतंत्र दावा, जिल्हा ग्राहक आयोगात. मुदत 2 वर्षांची, आणि डॉक्टरांना दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही.

आणि हो, साध्या एमबीबीएसवर माझा अजिबात राग नाही. आमचे फॅमिली डॉक्टर तेवढेच शिकलेत आणि वेळेवर पुढे पाठवतात. राग आहे तो पाटीवर.

गूगलवर नाव घेऊन रिव्ह्यू टाकायचा मोह होईल. निकाल लागेपर्यंत टाळा, उलट अब्रुनुकसानीची नोटीस यायची. मेडिकलच्या बिलांवरही डॉक्टरांचं नाव असतं, तीही ठेवा. मूळ कागद मात्र कुठल्याच टेबलावर सोडू नका, झेरॉक्सच द्या.