दिवाळीच्या सुट्टीत अकरावीच्या मुलांना घेऊन गावात घर बांधायला जायचं आहे, तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय: कोल्हापुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयातली २४ मुलंमुली, दोन शिक्षक, शिरोळ तालुक्यातल्या एका कुटुंबाचं पुरात पडलेलं घर आणि हाताशी आठ दिवस. एवढ्यात घर उभं राहील का आणि सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय.

आठ दिवसांत पूर्ण घर होत नाही. तसं ठरवूही नका, कारण पाया, जोतं (जमिनीवर उचललेला घराचा तळ), लिंटेल (दारं-खिडक्यांवरचा आडवा काँक्रीट पट्टा), स्लॅब या प्रत्येक टप्प्यानंतर थांबावंच लागतं. मुलांसाठी एकच टप्पा निवडा: जोत्यापासून लिंटेलपर्यंतचं वीटकाम. पाया आणि जोतं तुम्ही पोचायच्या निदान पंधरा दिवस आधी झालेलं असावं. स्लॅब किंवा छप्पर तुमच्यानंतर गवंडी करतील. घर गवंडी बांधतो, मुलं त्याच्या हाताखाली बिगारीचं काम करतात. हे मुलांना आणि पालकांना निघण्याआधीच स्पष्ट सांगा. आणि स्लॅबपर्यंतच्या पैशांची सोय कागदावर दिसत नसेल, तर जाऊच नका. लिंटेलपर्यंत येऊन वर्षानुवर्षं उघडी राहिलेली भिंत त्या घरासाठी पुरापेक्षा बरी नसते.

पैशांचा पहिला प्रश्न म्हणजे कुटुंबाला घरकुल मंजूर आहे का. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजारांचं आहे आणि ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे लाभार्थ्याच्या खात्यात येतं. म्हणजे टप्पा झाला, फोटो गेला, की हप्ता पडतो. पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला आधी भेटून तुमच्या तारखा आणि हप्त्यांचं वेळापत्रक जुळवून घ्या. एक गोष्ट फार जपून पाळा. घरकुलाबरोबर रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी कुटुंबाला मिळते, ती त्यांच्या हक्काची. मुलांनी केलेलं काम हजेरीपटावर कुठल्याही नावाने चढवू देऊ नका, आणि मुलं येणार म्हणून त्यांचे दिवस कमीही होऊ देऊ नका.

जागेचे कागद बघताना नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीकडची घर-जागेची नोंद) कुटुंबाच्या नावावर आहे ना ते तपासा, आणि जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे का हे पाटबंधारे विभागाच्या नकाशावर बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नवीन घर बांधायला मुलांना नेणं मला मान्य नाही. तिथे कुटुंबाला दुसरी जागा मिळवून देण्यासाठी धडपड करणं जास्त उपयोगाचं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि दोन्ही नद्या चढलेल्या असल्या की शिरोळ भागातलं पाणी लवकर उतरत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये मातीत बांधलेल्या भिंती पडल्या त्या पाण्याच्या धक्क्यापेक्षा दिवसेंदिवस तळाशी भिजून. म्हणून विटा जोडायला सिमेंटचाच माल, जोतं परवडेल तितकं उंच, आणि लिंटेलचा काँक्रीट पट्टा फक्त दारं-खिडक्यांवर न थांबवता सगळ्या भिंतींवरून फिरवलेला, या तीन गोष्टींत काटकसर नको. नदीकाठच्या काळ्या मातीत पाया मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खोल न्यावा लागतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते.

तारखा भाऊबीजेनंतरच्या घ्या. सणात गवंडी मिळत नाहीत. बरेच जण उत्तर कर्नाटकातले असतात आणि ते गावी जातात. त्याच सुमारास ऊसतोड सुरू होते, मग मुरूम-वाळू आणायला ट्रॅक्टर मिळत नाही. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे दिवाळीला मिळते ती मागच्या हंगामातली उरलेली वीट. तेव्हा वीट आणि क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ठरवा आणि शिबिराच्या चार दिवस आधी जागेवर उतरवून घ्या. माल आला नाही की गवंडी बसून राहतो, मुलं कंटाळतात, आणि शिबिराचा निम्मा वेळ तिथेच जातो.

आता आकडे. बाहेरून १८ फूट बाय १६ फूट, मध्ये एक भिंत, ९ इंची वीटकाम, दोन दारं आणि दोन खिडक्या धरल्या, तर जोत्यापासून ७ फुटांवरच्या लिंटेलपर्यंत सुमारे ५,००० विटा लागतात. तूट धरून ५,४०० मागवा. १:६ च्या मालाला (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सिमेंट १३-१४ गोण्या आणि क्रश सँड सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). एक गवंडी दिवसाला साधारण ५०० विटा लावतो. तीन गवंडी घेतले तर साडेतीन दिवसांचं काम, पण पहिला दिवस आखणीत आणि पहिल्या थरात जातो आणि नवख्या हातांनी वेग कमी होतो, म्हणून पाच दिवस धरा. एका दिवसात भिंत चार फुटांच्या वर चढवू नये. खालचा माल ओला असताना वर वजन पडलं की भिंत ओळंब्यातून जाते, म्हणजे कलते.

इथेच तुमच्या संख्येची अडचण येते. एका गवंड्याच्या हाताखाली चार मुलं पुरतात. तिघांकडे मिळून बारा, त्याहून जास्त मुलं त्या जागेत नुसती एकमेकांच्या पायात येतात. २४ जणांचे दोन गट करा: एक सकाळी ८ ते १२ बांधकामावर, दुसरा दुपारी २ ते ५. उरलेल्या वेळात वाळू चाळणं, विटा भिजवणं, खिडक्यांच्या चौकटींना प्रायमर लावणं, स्वयंपाकात मदत. जागा मिळाली तर पडक्या घराच्या ढिगातून चांगल्या विटा, कौलं आणि वासे वेगळे काढणं हे सगळ्यात उपयोगी जोडकाम आहे.

आखणी मुलांकडून करून घ्या, त्यांना पायथागोरस तिथे खरा कळतो. कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १० फूट आलं की कोन बरोबर. मग दोन्ही कर्ण मोजा. १८ बाय १६ ला ते २४ फूट १ इंच यायला हवेत. दोन कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर पहिला थर लावू नका, कारण तो फरक पुढे स्लॅबपर्यंत जातो. त्यानंतर गवंड्याने चारही कोपरे चढवायचे, दोरी ताणायची, आणि मधल्या विटा मुलांनी लावायच्या, तेही भिंत कमरेइतकी असेपर्यंतच. सांधा अर्ध्या इंचापेक्षा कमी, आणि उभे सांधे पूर्ण भरलेले. नवखी मुलं उभा सांधा रिकामा ठेवतात आणि वरून माल फिरवून झाकतात. त्यातूनच पुढे ओल येते. दर तीन थरांनी ओळंबा लावायचं काम एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे द्या.

माल कालवताना घमेल्याच्या अंदाजावर जाऊ नका. आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटरची लाकडी पेटी करून घ्या. त्यात ३५ लिटर म्हणजे बरोबर एका गोणीएवढं मावतं. एक गोणी सिमेंट, सहा पेट्या वाळू, रंग एकसारखा होईपर्यंत कोरडंच परतायचं. पाणी मात्र एका वेळी तिसऱ्या हिश्शालाच घाला. एका गोणीत साडेतीनशेच्या आसपास विटा बसतात, तीन गवंड्यांना त्याला दोन तास लागतात, आणि पाणी घातलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपायला हवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून मऊ करायची सवय गवंड्यांनाही असते. ते होऊ देऊ नका, त्या मालाची ताकद गेलेली असते.

कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, म्हणून विटा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. ६ बाय ४ फुटांचा दीड फूट खोल खड्डा करून ताडपत्री अंथरली की एका वेळी साडेतीनशे विटा भिजतात. भिजवणं, माल आणि भिंतींवर पाणी मारणं मिळून रोज दीड हजार लिटर पाणी लागेल. प्यायचं पाणी वेगळं, माणशी चार लिटर, उकळलेलं किंवा फिल्टरचं.

मुलं १६-१७ वर्षांची आहेत, तेव्हा काही गोष्टींना सरळ बंदी ठेवा: परांचीवर चढणं, मिक्सर, कटर, विजेची मोटर, खोल चर, स्लॅबचं काम. पायात बूट, चप्पल चालणार नाही. सिमेंटला हात लावताना रबरी हातमोजे घालायचे. ओलं सिमेंट त्वचा भाजतं आणि ते लगेच कळत नाही, संध्याकाळी आग होते. डोळ्यात उडालं तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचे. एका वेळी चारच विटा उचलायच्या, घमेलं अर्धंच भरायचं. साखळी करून विटा पुढे देताना फेकायच्या नाहीत, हातात द्यायच्या. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी झालेलं असावं.

विटांच्या जुन्या ढिगात साप आणि विंचू हमखास असतात. ढीग वरून खाली उपसायचा, फटीत हात घालायचा नाही. कोणाला चावलंच तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक यात एक मिनिटही घालवू नका. तो भाग हलू न देता १०८ ला फोन करा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असतात का आणि सर्पविषावरचं इंजेक्शन आहे का, हे आधी स्वतः जाऊन विचारा. शिरोळच्या बहुतेक गावांतून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापेक्षा मिरजेचं शासकीय रुग्णालय जवळ पडतं, म्हणून रस्ता तोच ठरवून ठेवा.

राहायला जिल्हा परिषदेची शाळा सुट्टीत रिकामी असते. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांची लेखी परवानगी घ्या. पालकांचं संमतिपत्र, प्राचार्यांची परवानगी, मुली आहेत म्हणून महिला शिक्षक पूर्ण वेळ मुक्कामाला, आणि स्वच्छतागृह दहा जणांमागे एक. यातलं एकही नसेल तर तारीख पुढे ढकला. जेवण गावातल्या बचत गटाला पैसे देऊन सांगा. तीस जणांना दोन वेळेला मिळून दहा किलो भाकरीचं पीठ, सहा किलो तांदूळ आणि अडीच किलो डाळ लागते. ज्या कुटुंबाचं घर आहे त्यांच्यावर स्वयंपाकाचा भार टाकू नका. ते आग्रह करतील, तेव्हा एक वेळचा चहा घ्या. पडक्या घरासमोर त्यांना उभं करून फोटो काढू नका. आणि खिडकी कुठे, चूल कुठे, देव्हारा कुठे हे त्या घरातल्या बाईंना विचारूनच आखणी करा.

निघण्याआधीच्या संध्याकाळी दोन कामं करा. उरलेल्या मालाची मोजणी आणि सगळ्या पावत्या कुटुंबाच्या हातात द्या, एक प्रत तुमच्या महाविद्यालयात ठेवा. आणि भिंतींवर पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी कोण मारणार, त्या माणसाचं नाव ठरवून त्याची मजुरी आधीच देऊन ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत बांधलेला वरचा भाग बहुतेक वेळा याच कारणाने कच्चा राहतो.