‘मोठे’ आणि ‘लहान’ तपकिरी वटवाघूळ

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात आमच्या माळ्यावर वटवाघळे आहेत. ‘बिग ब्राऊन’ आणि ‘लिटल ब्राऊन’ ही एकाच जातीची मोठी-लहान वटवाघळे का? ओळखायची कशी? शास्त्रीय नावापुढे माणसाचे नाव कंसात का लिहितात?
– एक वाचक

उत्तर : जाती वेगळ्या आहेतच, प्रजातीही (जवळच्या जातींचा वरचा गट, genus) वेगळ्या आहेत. मोठे ते एप्टेसिकस फस्कस, लहान ते मायोटिस ल्युसिफ्युगस. कुळ मात्र एकच, व्हेस्पर्टिलिओनिडी. रंगावर अजिबात विसंबू नका. तपकिरी वटवाघळे पुष्कळ आहेत.

खात्रीची खूण दातांची : एप्टेसिकसला ३२, मायोटिसला ३८. कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड मोठ्यात साधारण ४२ ते ५१ मिमी, लहानात ३३ ते ४१ मिमी भरते. वजनाने फसगत होते, कारण मोठ्या जातीचे पिल्लू लहान जातीच्या प्रौढाइतकेच भरते. म्हणून आधी बोटांचे सांधे उजेडासमोर धरून पाहतात. सांध्यापाशी फिकट पट्टा दिसला तर हाड अजून वाढते आहे. ही तपासणी रेबीजची लस घेतलेल्या, हातमोजे घातलेल्या प्रशिक्षित माणसानेच करायची. तुम्ही हात न लावता दुरून, बाजूने फोटो काढा. रुंद, काळे, जवळजवळ केसरहित मुस्कट दिसले तर ते बहुधा मोठे. आज माळ्यावर तेच असण्याची शक्यता अधिक, कारण २००६ साली न्यूयॉर्क राज्यात प्रथम दिसलेल्या ‘व्हाइट-नोज’ या बुरशीजन्य रोगाने लहान जातीचा ईशान्य अमेरिकेत फार मोठा संहार केला आहे.

खरी अडचण मायोटिस सोडॅलिस या तिसऱ्या जातीशी येते. तिचे माप ल्युसिफ्युगसएवढेच. घोट्यापासून शेपटीच्या पडद्याच्या कडेने जाणाऱ्या कूर्चेच्या काट्याला सोडॅलिसमध्ये बारीक धार असते, ल्युसिफ्युगसमध्ये सहसा नसते. उलट ल्युसिफ्युगसच्या पायांचे केस बोटांच्या पुढे जातात.

आता कंस. पालिसो द बोव्हा यांनी १७९६ मध्ये आणि ल कॉन्ट यांनी १८३१ मध्ये अनुक्रमे मोठी व लहान या जाती व्हेस्पर्टिलिओ प्रजातीत वर्णिल्या. पुढे त्या दुसऱ्या प्रजातींत गेल्या, म्हणून मूळ वर्णनकर्ता आणि साल कंसात : मायोटिस ल्युसिफ्युगस (ल कॉन्ट, १८३१). सोडॅलिस पहिल्यापासून मायोटिसमध्येच आहे, म्हणून ‘मिलर आणि ॲलन, १९२८’ कंसाविना. यादी उतरवताना कंस गाळला, तर जात मुळातच त्या प्रजातीत वर्णिली होती असा चुकीचा अर्थ होतो.